'वाहक' कोण ठरवतो? एचआयव्हीचा भारतीय इतिहास आणि जातीची नजर

१९८५-८६ च्या सुमारास मद्रास मेडिकल कॉलेजच्या एका विद्यार्थिनीने, डॉ. सेलप्पन निर्मला यांनी, प्रबंधासाठी रक्ताचे नमुने गोळा करायला सुरुवात केली. मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सोलोमन. अमेरिकेत एड्सने माणसे मरत होती. आपल्याकडे मात्र सरकारी वर्तुळात आणि वर्तमानपत्रांत एकच सूर होता, की हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, आपल्या संस्कृतीत तो शिरणार नाही. मद्रासमध्ये मुंबईसारखी वेगळी वेश्यावस्ती नव्हती, म्हणून नमुने घेतले गेले ते पोलिसांनी पकडून सुधारगृहात ठेवलेल्या बायकांचे. ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेऊन तपासले. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. भारतात एचआयव्ही असल्याचा हा पहिला पुरावा.

त्या दोन डॉक्टर स्त्रियांचे ऋण मोठे आहे. सुनीती सोलोमन यांनी पुढचे सगळे आयुष्य याच रुग्णांसाठी घालवले. पण इतिहास वाचताना आपण आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. देशात हा विषाणू सर्वात आधी शोधला गेला तो कोंडलेल्या, गरीब बायकांच्या रक्तात. कोंडलेल्या बाईच्या होकाराला काय अर्थ असतो, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही. तमिळनाडूत नंतर काही बायकांना केवळ पॉझिटिव्ह आहेत म्हणून मुदत संपल्यावरही डांबून ठेवले गेले आणि त्यांच्या सुटकेसाठी न्यायालयात जावे लागले. गुन्हा काय? रक्त.

एचआयव्हीबद्दल आपल्या लोकांत बोलायला सुरुवात केली की हमखास ऐकू येते, 'हा आरोग्याचा विषय आहे, याचा जातीशी काय संबंध?' संबंध पहिल्या दिवसापासून आहे. एखाद्याच्या शरीरात काय आहे यावरून त्याची जागा ठरवायची, त्याला वेगळे काढायचे आणि त्या वेगळेपणाला शुद्धतेचे नाव द्यायचे, ही कला या समाजाला कोणा विषाणूने शिकवली नाही. ती तयारच होती.

म्हापशाचा डॉमिनिक

दुसरी घटना गोव्यातली. डॉमिनिक डिसोझा हा म्हापसा परिसरातला तरुण, नियमित रक्तदान करणारा. त्याने दिलेल्या रक्ताच्या तपासणीतून तो पॉझिटिव्ह असल्याचे कळले, पण त्याला कोणी सांगितले नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरलेल्या एका रिकाम्या इमारतीत त्याला एकट्याला पहाऱ्यात ठेवले. ६४ दिवस. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात नुकतीच दुरुस्ती झाली होती आणि एचआयव्ही असलेल्या माणसाला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद तिच्यात होती.

त्याची आई ल्युसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली. वकील होते आनंद ग्रोव्हर. डॉमिनिक सुटला, पण निकालात न्यायालयाने तो कायदा मात्र वैध ठरवला. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांच्यात संघर्ष झाला तर व्यक्तीने माघार घ्यावी, असा एकूण तर्क. आपल्याला हा तर्क ओळखीचा वाटायला हवा. गावाच्या हितासाठी काही माणसांनी गावाबाहेर राहावे, हेच तर शतकानुशतके सांगितले गेले. फरक इतकाच की इथे न्यायालयासमोर डॉक्टरही होते आणि विज्ञान उलट सांगत होते: हा विषाणू स्पर्शाने, हवेने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही.

डॉमिनिकने नंतर 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला आणि १९९२ मध्ये तो गेला. पुढे 'माय ब्रदर निखिल' हा चित्रपट आला, त्यामागे त्याचीच प्रेरणा होती.

डॉमिनिक दलित नव्हता. म्हणूनच त्याची गोष्ट इथे मुद्दाम सांगतो आहे. अस्पृश्यतेचे शस्त्र एकदा समाजाच्या हातात असले की ते नव्या माणसांवरही चालते. पण एचआयव्हीचा कलंक आणि अस्पृश्यता या एकच गोष्टी आहेत असे जे भाषणात सरसकट म्हटले जाते, तेही मला पटत नाही. अस्पृश्यतेला अस्पृश्याचे श्रम हवे असतात, ढोरे ओढायला, मैला उचलायला तो लागतोच. एचआयव्ही असलेल्याला हा समाज थेट हाकलतो, त्याची गरजच नाही असे मानतो. आणि अस्पृश्यता जन्माने येते, तिला चाचणी लागत नाही. जेव्हा दोन्ही एकाच माणसावर येतात, तेव्हा काय होते हे बघायला कामाठीपुऱ्याकडे जावे लागते.

सौंदत्ती ते कामाठीपुरा

मुंबईच्या वेश्यावस्तीतल्या बायका कुठून आल्या, याचा नकाशा काढला तर एक मोठी रेघ दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातून निघते. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, विजापूर. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुली बहुतांशी महार, मांग, होलेया, मादिगा यांच्या घरातल्या. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा, महाराष्ट्राचा नवा कायदा थेट २००५ चा. कायदे झाले. ज्या घरात जमीन नाही, मुलगा नाही आणि कर्ज आहे, तिथे मुलीच्या गळ्यात मोती बांधणे मात्र चोरून चालूच राहिले.

आपल्या चळवळीने हा प्रश्न फार आधी हाती घेतला होता, हे तरुणांना सांगायला हवे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र' या पत्रात मुरळी प्रथेविरुद्ध मोहीम चालवली. शिवूबाई या मुरळीने त्या पत्राला स्वतः पत्र लिहून आपली व्यथा मांडली, आणि पुढे जातीतल्याच एका तरुणाने तिच्याशी लग्न केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुरळी झालेली महार स्त्री छापील पत्रातून बोलते, ही साधी गोष्ट नाही.

मग १६ जून १९३६. परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायकांसमोर बाबासाहेब बोलले. धर्मांतराच्या घोषणेला पाठिंबा द्यायला त्या जमल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना कठोर शब्दांत सांगितले, की हे जिणे सोडा, लग्ने करा, संसार करा, नाहीतर समाजात तुम्हाला स्थान नाही.

या भाषणावर आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया असतात. एक, ते लपवायचे. दुसरी, ते दाखवून 'त्या' बायकांशी आपला संबंध नाही असे म्हणायचे. दोन्ही अप्रामाणिक आहेत. त्या भाषणात जातीच्या अब्रूचा भार बायकांच्या खांद्यावर टाकला गेला, ही टीका दलित स्त्रीवादी अभ्यासकांनी केली आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पण त्याच वेळी हेही बघा, की धर्मांतरासारख्या प्रश्नावर त्या बायकांचा पाठिंबा मोलाचा मानून त्यांच्या सभेत येणारा दुसरा कोणता पुढारी त्या काळात होता? त्यांना बाबासाहेबांनी निर्णय घेऊ शकणारी माणसे मानले. पुढे १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या पानांत जो बुद्ध आहे, तो आम्रपालीचे जेवण स्वीकारतो आणि त्यासाठी लिच्छवींचे आमंत्रण नाकारतो. माझ्या मते १९३६ चे भाषण या ग्रंथासोबतच वाचले पाहिजे.

आणि एक रोकडा प्रश्न. 'सोडा' म्हटल्यावर जायचे कुठे? गडहिंग्लज परिसरात १९७० च्या दशकात देवदासी निर्मूलनाची चळवळ उभी राहिली, तिने घर, पेन्शन, मुलांचे शिक्षण अशा मागण्या केल्या. राज्याने काय दिले? निराधार योजनेचा तुटपुंजा हप्ता आणि कागदपत्रांची रांग. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, मराठी साहित्य हादरले. गोलपिठ्यातल्या बाईच्या पदरात त्या हादऱ्यातून काही पडले नाही.

एचआयव्ही आला तेव्हा तो अशा वस्तीत आला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईत तपासणी झालेल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक पॉझिटिव्ह निघत होत्या. वर्तमानपत्रांनी त्यांना 'वाहक' म्हटले. विषाणू त्यांच्याकडे कोणी आणला, हा प्रश्न त्या शब्दातच गाडला गेला. गिऱ्हाईक हा शब्द आरोग्य खात्याच्या कागदांत फार उशिरा आला आणि तोही 'सेतू लोकसंख्या' असे सभ्य नाव घेऊन. म्हणजे ट्रकचालक, स्थलांतरित मजूर. पुन्हा गरीबच. बंगल्यातले गिऱ्हाईक कोणत्याच तक्त्यात बसले नाही. आणि ज्या हजारो बायकांना नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष माहीत नव्हता, त्यांना गरोदरपणातल्या तपासणीत कळले. नवरा वारला की सासरच्यांनी सुनेलाच 'हिने खाल्ला' म्हणून बाहेर काढले. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्यातल्या एआरटी केंद्राच्या बाकावर बसून बघा, ही कथा आजही सापडते.

आधी पोलीस, मग समुपदेशक

१९८९ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत एड्स प्रतिबंधक विधेयक आणले. सक्तीची तपासणी, माहिती कळवण्याची सक्ती, वेगळे ठेवण्याचे अधिकार. म्हापशाचा प्रयोग देशभर करायचा बेत होता. दिल्लीत 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या छोट्या गटाने आणि इतरांनी विरोध केला, शेवटी विधेयक मागे घेतले गेले. १९९२ मध्ये नॅको स्थापन झाली आणि जागतिक बँकेच्या कर्जातून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

खरे काम मात्र वेगळ्याच ठिकाणी घडत होते. कोलकात्यात सोनागाचीला डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात वस्तीतल्या बायकाच कार्यकर्त्या झाल्या. आपल्याकडे सांगलीत 'संग्राम' ही संस्था त्याच वर्षी उभी राहिली. तिच्या कामातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', म्हणजे व्हॅम्प, ही बायकांची स्वतःची संघटना झाली. तिच्यात देवदासी परंपरेतून आलेल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. निरोध वाटायचा, पोलिसांशी भांडायचे, आजारी मैत्रिणीला सिव्हिलला न्यायचे, डॉक्टर हात लावत नसेल तर तिथेच ठाण मांडायचे, ही सगळी कामे त्यांनी केली. या बायका स्वतःला दलित चळवळीचा भाग म्हणवोत न म्हणवोत, 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' याचा याहून स्वच्छ नमुना मला तरी दिसत नाही.

व्हॅम्पची भूमिका, की हा धंदा म्हणजे काम आहे, ती आपल्यातल्या अनेकांना मान्य होणार नाही. जातीने लादलेल्या धंद्याला 'काम' म्हणणे म्हणजे जातीचेच समर्थन, हा आक्षेप गंभीर आहे आणि दलित स्त्री संघटनांमध्ये त्यावर खरा वाद आहे. तो वाद चालू राहू द्या. पण वाद मिटेपर्यंत बाई जिवंत राहिली पाहिजे. सफाई कामगाराला हातमोजे द्या म्हणताना आपण मैला उचलण्याच्या प्रथेचे समर्थन करत नसतो.

रक्ताच्या बाजाराचेही सांगायला हवे. त्या काळात रक्तपेढ्यांतल्या रक्ताचा मोठा वाटा धंदेवाईक रक्तदात्यांचा होता. हे दाते म्हणजे रक्त विकून जेवणारी माणसे. त्यांना कोणी विचारले नाही, तपासणी ढिसाळ. ४ जानेवारी १९९६ ला 'कॉमन कॉज' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना रक्तपेढ्या आणि पैसे देऊन रक्त घेण्याची पद्धत बंद करण्याचे आदेश दिले. मग ऐच्छिक रक्तदानाची मोहीम सुरू झाली. आज १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या वस्त्यावस्त्यांत जी रक्तदान शिबिरे होतात, त्यांनी ती पोकळी भरून काढायला हातभार लावला. आपल्या लोकांचे रक्त चालते. पाणी चालत नव्हते. हा इतिहास शिबिराच्या फलकावर कोणी लिहीत नाही.

नोकरी आणि औषध

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल आला. सरकारी मालकीच्या एका कंपनीत रोजंदारीवर काम करणारा मजूर, कायम होण्याच्या वेळी एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला म्हणून काढला गेला. तो धडधाकट होता, काम करू शकत होता. न्यायालयाने सांगितले, की काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारणे हे कलम १४ आणि २१ चे उल्लंघन आहे. नाव उघड न करता खटला लढवण्याची मुभाही त्याला मिळाली. कायद्याच्या पुस्तकात तो 'एमएक्स' म्हणून राहिला. ल्युसी डिसोझा खटल्यापासून सात वर्षांत त्याच न्यायालयाने किती अंतर कापले ते पाहा. संविधान तेच होते. दरम्यान माणसे लढली होती.

औषधांची कथा तर आपल्या मुंबईचीच. २००० च्या आसपास एचआयव्हीच्या तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला १० ते १५ हजार डॉलर लागत. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी हीच औषधे डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. हे शक्य झाले १९७० च्या पेटंट कायद्यामुळे, जो औषधाच्या रेणूवर नव्हे तर बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट देत होता. त्यामागे न्या. राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल होता. आफ्रिकेतली लाखो माणसे या स्वस्त भारतीय गोळ्यांवर जगली. आणि भारतातली? देशातला गरीब रुग्ण तेव्हाही ३५० डॉलर देऊ शकत नव्हता. सरकारी मोफत उपचार सुरू व्हायला १ एप्रिल २००४ उजाडावा लागला, तोही सुरुवातीला मोजक्या आठ केंद्रांत. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. सिप्ला आणि जे. जे. एकाच शहरात असून मधली वाट तीन वर्षांची निघाली.

त्यानंतर प्रगती झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. आज देशात १७ लाखांहून अधिक माणसे मोफत औषधावर आहेत. २०१७ पासून सीडी-फोर किती उतरला याची वाट न पाहता निदान होताच गोळी सुरू होते. नियमित औषधाने रक्तातला विषाणू इतका दबतो की चाचणीत दिसत नाही, आणि मग तो लैंगिक संबंधातून दुसऱ्याला जात नाही. पॉझिटिव्ह आईला योग्य उपचार मिळाले तर तिचे बाळ बहुतेक वेळा निगेटिव्ह जन्मते. २०१० च्या तुलनेत नवे संसर्ग ४० टक्क्यांहून अधिक घटले. तरीही एचआयव्हीसह जगणारे देशात सुमारे २५ लाख आहेत आणि त्यांत सर्वाधिक, सुमारे ४ लाख, महाराष्ट्रात. यांत अनुसूचित जातींचे किती? जातवार आकडा जनतेसमोर ठेवला जात नाही. गट विचारतात, वय विचारतात, धंदा विचारतात. जात विचारायची वेळ आली की आरोग्य खाते अचानक जातनिरपेक्ष होते.

आणि गोळ्या तरी नेहमी मिळतात का? २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे एचआयव्ही असलेल्या माणसांना दिल्लीत नॅकोच्या दारात अनेक आठवडे धरणे धरावे लागले. ज्या गोळीत खंड पडला तर विषाणू औषधाला जुमानेनासा होतो, ती गोळी महिन्याऐवजी आठवड्याची हातावर ठेवायची आणि परत बोलवायचे. रोजंदारीवरचा माणूस दर आठवड्याला खाडा करून तालुक्याहून जिल्ह्याला कसा येणार?

कायदा आहे, तक्रार अधिकारी कुठे आहे?

२०१७ मध्ये एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. याचा मसुदा लॉयर्स कलेक्टिव्ह आणि पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनांनी दशकभर आधी तयार केला होता. संसदेत येईपर्यंत त्यात उपचाराच्या हक्कापुढे 'शक्य असेल तेवढे' अशा अर्थाचे शब्द घुसले. हक्काला अशी शेपूट जोडली की काय होते ते आपण राखीव जागांच्या अनुशेषात पाहिले आहे.

तरी कायदा कामाचा आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी नाही, माहिती फोडायची नाही. सुनेला राहत्या घरातून काढता येत नाही. प्रत्येक राज्याने लोकपाल नेमायचा आहे. १०० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत, आणि आरोग्य संस्थेत २० माणसे असली तरी, तक्रार अधिकारी हवा.

यातल्या एका तरतुदीकडे आपल्या कार्यकर्त्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. रुग्णालयासारख्या ठिकाणी, जिथे कामातून संसर्गाचा धोका आहे, तिथल्या प्रत्येकाला संरक्षक साधने आणि सुई टोचल्यास तातडीचे प्रतिबंधक औषध देणे व्यवस्थापनावर बंधनकारक आहे. हे औषध ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, सुरू करावे लागते. डॉक्टरला सुई टोचली तर तो अर्ध्या तासात गोळी घेतो. वापरलेल्या सुयांची पिशवी उचलताना ज्या कंत्राटी सफाई कामगाराच्या हाताला टोचते, त्याचे काय? तो कोणत्या समाजाचा असतो हे सांगायला नको. त्याला हे औषध असते हेच माहीत नसते, ठेकेदार 'पाण्याने धू' म्हणतो, आणि हजेरीपटावर त्याचे नाव रुग्णालयाचे म्हणून नसते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार त्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस मिळायला हवी. ती किती जणांना मिळाली?

विनयपिटकात आजारी भिक्खूची एक गोष्ट आहे. अतिसाराने तो स्वतःच्या घाणीत पडलेला, सोबतचे भिक्खू फिरकत नव्हते. बुद्धाने आनंदाकडून पाणी मागवून त्याला स्वतः धुतले आणि संघाला जाब विचारला, की तुम्ही एकमेकांची शुश्रूषा करणार नाही तर कोण करणार? आपल्या विहारांत ही गोष्ट सांगितली जाते. त्याच वस्तीतल्या पॉझिटिव्ह विधवेला वर्षावासाच्या भोजनदानात वाढायला बोलावतात का, हे प्रत्येक विहार समितीने आपापल्या ठिकाणी तपासावे.

बाकी काम कागदाचे आहे आणि ते आपल्या पोरांना चांगले जमते. आपल्या जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला, महापालिकेच्या रुग्णालयाला माहिती अधिकारात चार प्रश्न टाका. एचआयव्ही कायद्याखालील तक्रार अधिकाऱ्याचे नाव काय आणि ते दर्शनी भागात लावले आहे का? गेल्या तीन वर्षांत त्याच्याकडे किती तक्रारी आल्या? सुई टोचल्यानंतर द्यायचे औषध रात्री अपघात विभागात उपलब्ध असते का? आणि ते घेणाऱ्यांत कंत्राटी सफाई कामगार किती होते? उत्तर ३० दिवसांत यायला हवे. नाही आले तर पहिले अपील.